नवव्या प्रकरणाची रुजुवात

९ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्रेसष्टाव्या वर्षी कुणी 'चि.' लिहिलं तर हसू येईल, पण दुसरं काय लिहावं हे मला ठरवता आलं नाही. तुझं पत्र मिळून आठ आठवडे झाले. उशीर झाला. कारणं देत नाही. कारणं देणाऱ्यांना मी नोकरीतही कधी उभं केलं नाही.

मी बरी आहे. म्हणजे सत्तरीत माणूस जितकं बरं असतं तितकी. गुडघे जिना चढताना कुरकुरतात आणि उतरताना भांडतात. दोन खोल्या त्याच, दुसरा मजला तोच. आईची खाट अजून खिडकीखालीच आहे, तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. पहिलं वर्ष नुसती झोप काढली. वाटलं होतं, एकदा पोटभर झोपलं की थकवा जाईल. नाही गेला. आता त्याचाही कंटाळा आलाय.

अठ्ठावीस वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तुझा 'ळ' अजून तसाच, पोट सुटलेला. तुझे यजमान गेल्या वर्षी गेल्याचं वाचलं. मी त्यांना आयुष्यात तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा धड बोलले नाही. मेकॅनिक माणूस, बिजवर, असं म्हणून मी त्यांना मोडीत काढलं होतं. तू लिहितेस त्यावरून त्यांनी तुला सुखात ठेवलं. मला बरं वाटलं, हे तुला खोटं वाटलं तरी लिहिते.

तुझ्या लेकीने तुला विचारलं, आजीने तुला परत कधीच बोलावलं नाही का. तुला उत्तर देता आलं नाही, म्हणून तू मला विचारतेस की आईचं मन शेवटपर्यंत तयार झालंच नाही का. नसेल तर तसं लिही, नसेल तरी चालेल, असंही लिहिलंयस. प्रश्न सरळ आहे. उत्तर लिहीन. पण अशा गोष्टी घाईत लिहायच्या नसतात. आधी इकडची हकिगत.

तुझ्या पाकिटात लेकीनेही एक चिठ्ठी घातली होती, तुला माहीत असेल किंवा नसेल. दोन ओळी, इंग्रजीत. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. पदवीचा इंग्रजीचा पेपर मी गाईड पाठ करून काढला होता, नेमलेली कादंबरी उघडूनही पाहिली नव्हती. कचेरीतही सगळं काम मराठीत. खालच्या मजल्यावरची मुलगी कॉलेजात जाते, तिच्याकडून चिठ्ठी वाचून घेता आली असती. पण आपलं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं मला नको वाटतं. वाचणारा काय वाचतो आणि काय गिळतो, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हणून वाचनालयाच्या माडीवर मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग भरतो, त्यात नाव घातलं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते साडेचार.

वर्गात आम्ही नऊजण. शिकवणारी मॅडम तिशीची असेल. पहिल्या दिवशी तिने मला "आजी, तुम्ही पुढे बसा, ऐकू येईल," म्हटलं. मी म्हटलं, "मला ऐकू येतं. तुम्ही फळ्यावर सरळ ओळीत लिहा, म्हणजे दिसेलही." तेव्हापासून ती मला ताई म्हणते आणि फळ्यावर पट्टी धरून लिहिते.

शेजारच्या बाकावर एक सलूनवाला बसतो. पन्नाशीचा, बोलका. त्याला परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात खुर्ची मिळणार आहे, म्हणून शिकतोय. दर तासाला म्हणतो, "ताई, कात्रीला भाषा लागत नाही, पण कात्री धरणाऱ्याला लागते म्हणे."

आम्हाला एक कादंबरी वाचायला दिलीय. इंग्रजीतली जुनी, नामांकित, पण नवशिक्यांसाठी सोपी केलेली. शहाण्णव पानं, चौदा प्रकरणं, मोठा टाइप, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्न. आत लिहिलंय की फक्त बाराशे शब्द वापरून ही लिहिली आहे. बाराशे शब्दांत माणसाचं सगळं आयुष्य सांगता येतं, हे पाहून मला आधी मौज वाटली. मग वाटलं, खरंच की, आपण रोज तरी किती वापरतो.

गोष्ट एका विधवेची आहे. डोंगरातल्या घाटात प्रवासी उतरायची एक सराई आहे, ती ही बाई एकटी चालवते. नवरा नाही, भाऊ लढाईवर गेलेला, म्हातारा बाप अंथरुणावर. ती पहाटे उठते, चूल पेटवते, घोड्यांना वैरण घालते, बापाला भरवते, प्रवाशांची अंथरुणं घालते. कुणापुढे रडगाणं नाही. सलूनवाला म्हणतो, "बाई एकदम चोख." मलाही ती आवडली. खरं सांगायचं तर मला ती माझ्यासारखी वाटली. माझ्यासारखं माणूस पुस्तकात कुणी घालतं, हे मला माहीत नव्हतं.

सहा प्रकरणं झाली आहेत. डोळे दुखतात, आज इथेच थांबते. तुझ्या प्रश्नाचं सवडीने लिहिते. लेकीला आशीर्वाद सांग.

तुझी,
ताई


२७ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. "ताई, तुझं इंग्रजी सुधारतंय याचा आनंद आहे. मी विचारलं होतं ते मराठीत होतं." लहानपणी अशा बोलण्याबद्दल तुला माझ्या हातचा धपाटा मिळायचा. आता मी कार्ड दोनदा वाचलं आणि हे पत्र लिहायला बसले.

उत्तर देते. पण ते जिथून सुरू होतं तिथूनच मला सांगता येईल, आणि ते त्या पुस्तकातूनच सुरू होतं. तेव्हा पुस्तकाचं ऐकून घे.

आम्ही नवव्या प्रकरणापर्यंत आलो. आठव्याच्या शेवटी बर्फाचं वादळ येतं. नववं असं सुरू होतं: 'सकाळी वादळ थांबले. बाई खूप रडली. मग तिने डोळे पुसले आणि ती कामाला लागली.' प्रकरणाखाली पहिला प्रश्न: ती का रडली?

मॅडमने सलूनवाल्याला उठवलं. तो म्हणाला, "दमली असेल."

वर्ग हसला. मॅडम म्हणाली, "भावाच्या आठवणीने रडली, असं लिहा." सगळ्यांनी लिहिलं. मी लिहिलं नाही. भाऊ चार वर्षं लढाईवर आहे, ती चार वर्षांत रडली नाही आणि वादळ थांबल्यावर का रडेल? मी मॅडमला विचारलं, "मधलं काही गळलंय का?"

"ताई, सोपी आवृत्ती आहे. थोडं कमी केलेलं असतंच."

"थोडं म्हणजे किती?"

तिला माहीत नव्हतं. मूळ पुस्तक तिने कॉलेजात वाचलं होतं, पण नीट आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मूळ कुठे मिळेल?" ती म्हणाली, "खाली, मागच्या कपाटात. पण ते तुम्हाला जड जाईल."

जड म्हणजे शब्दशः जड निघालं. सहाशे चाळीस पानं. ग्रंथपाल म्हणाला, हे शेवटचं कुणी नेलं त्याला अकरा वर्षं झाली.

माझं काम तुला आठवतं ना? तू त्याला 'ताईचं शिवणकाम' म्हणायचीस, ओळीला ओळ. नक्कल विभागात एकतीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. निकालाची, खरेदीखताची, मृत्युपत्राची नक्कल तयार झाली की एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर पट्टी ठेवून ओळ न् ओळ मिळवायची. ही रुजुवात. ती झाल्याशिवाय नकलेवर शिक्का पडायचा नाही. आमच्यातला एक कारकून, ज्याला आम्ही भोंगा म्हणायचो, मूळ वाचायचा, त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू जायचा, आणि मी पट्टी धरायची. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या नकलेत एक ओळ गळलेली सापडली नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात हेच सांगितलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना वाटलं, नम्रपणा.

तर मी ते दोन्ही ग्रंथ आईच्या खाटेवर शेजारी शेजारी ठेवले आणि रुजुवात सुरू केली. सोप्यातलं आठवं प्रकरण मुळात एकतिसावं आहे. नववं आहे ते चौतिसावं. मधली दोन अख्खी प्रकरणं सोप्यात नाहीत. अकरा पानं. शब्दकोश घेऊन ती अकरा पानं वाचायला मला चार आठवडे लागले. एकेका ओळीला तीन तीन शब्द अडायचे. कंबर धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण सोडलं नाही.

त्या अकरा पानांत काय आहे ते सांगते. वादळ चालू असताना संध्याकाळी दार वाजतं. बाहेर एक बाई आहे. सराईवालीच्या भावाची बायको. भाऊ लढाईवर गेल्यावर ती घर सोडून शहरात गेली होती आणि ते सराईवालीने मनात धरून ठेवलं होतं. आता ती परत आली आहे, तिला फक्त म्हाताऱ्याचे पाय धरायचे आहेत. म्हातारा आतून विचारतो, "कोण आहे?" सराईवाली दाराला अडणा लावते आणि सांगते, "कुणी नाही. वारा आहे."

सकाळी वादळ थांबतं. बाई दार उघडते. उंबऱ्यासमोर बर्फात पावलं आहेत, दारापर्यंत आलेली आणि परत गेलेली. म्हणून ती रडते.

शुक्रवारी मी वर्गात हे सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली, मग मराठीवर आले, मॅडमने अडवलं नाही.  सलूनवाला म्हणाला, "मग इतके दिवस आपण कुणाची गोष्ट वाचत होतो?"

मॅडम सावरून म्हणाली, "सोपं करणाऱ्याने शिकणाऱ्याची सोय पाहिली. सगळं एकदम झेपत नाही, म्हणून थोडं गाळतात. जे ठेवलंय ते खोटं नाही."

मी विचारलं, "शिकणाऱ्याची सोय पाहिली, का त्या बाईची?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी एवढ्या जोरात बोलेन असं तिला वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं. मग मी पिशवी उचलली आणि घरी आले.

धाकटे, तू लग्न करून गेलीस त्याच वर्षी आईचा दुसरा डोळाही काचबिंदूने गेला. तुझी पत्रं आईच्या नावाने यायची. ती तिला मी वाचून दाखवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही ऐकवू नका, रक्तदाब वाढतो. म्हणून कधी एखादं वाक्य मी गाळायचे. आईच्या तब्येतीसाठी.

इतकं आज लिहिते. बसवत नाही.

तुझी,
ताई


११ नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

तुझं कार्ड आलं. "सराईवालीचं कळलं. आपल्या आईचं कधी?" एवढंच लिहिलंस, खाली सहीसुद्धा नाही. बरोबर आहे. मी तीन महिने तुला पुस्तक वाचून दाखवतेय.

गेल्या पत्राच्या शेवटी लिहिलं त्यात खोटं मिसळलेलं आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं हे खरं. मी गाळायचे हे खरं. एखादं वाक्य, हे खोटं. आईच्या तब्येतीसाठी, हेही खोटं. आणि तुझ्या लेकीची चिठ्ठी मला वाचता येत नव्हती, हे सर्वांत आधीचं खोटं. ती मला पहिल्याच दिवशी कळली होती. 'माझ्या आईला उत्तर द्या. ती रोज पोस्टमनची वाट पाहते.' एवढं समजायला वर्ग लागत नाही. वर्ग मी तुझ्यापासून लपायला लावला.

आता नीट लिहिते. काही गाळत नाही.

तुझी एकूण चौदा पत्रं आली. पहिली दोन मी जशीच्या तशी वाचली. तुझी खोली, नळाला येणारं तांबडं पाणी, घरमालकिणीची नक्कल, तुझ्या यजमानांनी पहिला भात करपवला ती गंमत. आई हसली. तुला आठवत असेल, आई कशी हसायची, आवाज न करता, नुसते खांदे हलायचे. बाबा गेल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. मी तिला उठवायचे, न्हाऊ घालायचे, औषधं द्यायचे, नोकरीला जायचे, येऊन पुन्हा तेच. त्याला कोण हसतं? मी एम.ए. सोडलं, तुझी फी भरली, एकाही स्थळाला भेटले नाही, आणि तू दोन पानं करपलेला भात पाठवलास तर तिचे खांदे हलले.

तिसऱ्या पत्रात तू लिहिलंस, 'आई, मी एकदा येऊन जाऊ का? ताई रागावेल, पण मी दारातूनच परत जाईन.' वाचता वाचता ते वाक्य समोर आलं आणि मी त्याच्यावरून पुढे गेले. अडखळलेही नाही. मोठ्याने वाचायचं काम भोंग्याचं असायचं, पण रोज ऐकून मला सवय होती. माझ्या आवाजात काही बदलल्याचं मला जाणवलं नाही. पुढचं वाक्य 'तब्येतीला जप' होतं, ते वाचलं आणि पत्राची घडी घातली.

आईने विचारलं, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

त्यानंतर प्रत्येक पत्रात तू विचारलंस. प्रत्येक वेळी मी गाळलं. आधी एक वाक्य होतं, मग परिच्छेद झाला, कारण तू आता माफी मागत होतीस, रडत होतीस, आणि ते तुकड्यात कापता येईना. सातव्या पत्रात तुझ्या पोटात मूल असल्याचं होतं. तू लिहिलं होतंस, 'बाळंतपणाला तुझ्याजवळ येऊ दे.' सबंध दुसरं पान त्याचंच होतं. मी पहिलं पान वाचलं आणि थांबले.

आईने हात पुढे केला. मी पत्र दिलं. तिने दोन बोटांत धरून चाचपलं आणि म्हणाली, "दोन पानं आहेत. तू एकच वाचलंस."

मी म्हटलं, "दुसरं कोरं आहे."

"कोरं पान पाठवायला ती वेडी आहे?"

"घाईत घडीत गेलं असेल."

आई बोटाने ते पान चाचपत राहिली. तुझा बॉलपेन दाबून लिहायची सवय तुला माहीत आहे. कागद मागून उठून येतो. कोरं पान तसं लागत नाही.

तू आई होणार आहेस हे मी तिला महिन्याभराने सांगितलं, तिऱ्हाईताकडून कळल्यासारखं. तिने "बरं," म्हटलं.

आता उत्तरांबद्दल. आईची पत्रंही मीच लिहायचे. ती सांगायची, मी लिहायचे, शेवटी तिच्या हाताला धरून सही करून घ्यायचे. सही तिची होती. म्हणून तू विश्वास ठेवलास. 'इतक्यात येऊ नकोस, माझं मन अजून तयार नाही,' हे तुला तिसऱ्या पत्रापासूनच्या प्रत्येक उत्तरात मिळालं. त्यातलं एक अक्षर आईचं नाही. ते मी रचलं. ती सांगत असायची एक आणि माझा हात लिहीत असायचा दुसरं. आईला कागद दिसत नव्हता, तुला आई दिसत नव्हती. मधे मी होते, आणि माझ्या कामावर पट्टी धरायला कुणी नव्हतं.

असं का केलंस, हे तू विचारशील. तू आलीस तर ती तुला ठेवून घेईल, आणि मग माझं काय, एवढंच. ती तुला ठेवून घेईल म्हणजे मी केलेलं सगळं फुकट, असं मला वाटायचं. याहून मोठं कारण मी तीन महिने शोधतेय. सापडलं नाही. लोक मला कडक म्हणतात. कडक माणसाला आपल्या मनातली लहानशी, घाणेरडी गोष्ट लपवायला जागा पुष्कळ मिळते.

आई जायच्या दीड महिना आधी तुझं चौदावं पत्र आलं. मी चष्मा लावून बसले. आई म्हणाली, "राहू दे. तू दमलीस. हे वाचू नकोस, नुसतं हातात दे." मी दिलं. तिने ते उशाखाली ठेवलं. पुढे दीड महिना ते तिथेच होतं. दुपारी ती हात घालून काढायची आणि त्यावरून बोट फिरवायची, ओळीवरून ओळ, डावीकडून उजवीकडे, आपण वाचतो तसं.

तिला सगळं कळलं होतं. सातव्या पत्रापासूनच कळलं असावं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. पुष्कळ वर्षं मी समजत होते की तिने मला माफ केलं. आता वाटतं, तसं नव्हतं. माझ्या हातून जेवायचं, माझ्या हातून न्हायचं, आणि माझ्यावरच आळ घ्यायचा, हे तिला झेपणारं नव्हतं. ती माझ्या ताब्यात होती. मी तिची फार चांगली सेवा केली, असं आजूबाजूचे अजून म्हणतात. ती सोपी आवृत्ती आहे.

ती गेल्याचं मी तुला तेरा दिवसांनी कळवलं. पोस्टाला उशीर झाला असं तू समजलीस. पोस्टाचा दोष नव्हता.

चौदाही पत्रं माझ्याकडे आहेत. मूळ कागद फाडायचा नसतो, हे हाडात मुरलेलं असल्यामुळे वाचली. उद्या रजिस्टरने तुला पाठवते. ती आईला लिहिलेली होती आणि आईला पोचली नाहीत, तेव्हा ती तुझीच.

हे वाचून तू मला पुन्हा लिहिणार नाहीस, हे धरून चालले आहे. अठ्ठावीस वर्षांनी दारावर पोस्टमनने माझं नाव घेतलं, ते बरं वाटलं होतं. म्हणूनच पुस्तकाच्या गोष्टी सांगून दोन कार्डं जास्त उकळली. ते बंद होईल. होऊ दे. वर्ग मी सोडला नाही, मंगळवारी जाते. सलूनवाल्याने विचारलं, "ताई, आज आवाज का बसलाय?" मी म्हटलं, "दमले." तो म्हणाला, "मग बसा की, उत्तर मी देतो."

आता तू विचारलंस ते. आईचं मन शेवटपर्यंत तयार झालंच नाही का?

ते तयार नव्हतं असं कधीच नव्हतं. तुझ्या तिसऱ्या पत्राला उत्तर द्यायला मी बसले, तेव्हा तू यायचं विचारलंयस हे तिला माहीतच नव्हतं. तरी तिने आपणहून जे सांगितलं, ते मी तेव्हा लिहिलं नाही. पण विसरलेही नाही. बत्तीस वर्षं पाठ आहे. तिच्याच शब्दांत, जसंच्या तसं खाली देते. तुझ्या लेकीला वाचून दाखव.

"तिला लिही, ये म्हणावं. एकटी नको, जावईबापूंना घेऊन ये. मला दिसत नाही, पण आवाजावरून माणूस कळतं. येताना उपाशीपोटी निघू नकोस, तुला गाडी लागते. आणि मोठी रागावली तर उलट बोलू नकोस. ती वाईट नाही. ती दमलेली असते."

हे शेवटचं ती मला सांगत होती आणि लेखणी माझ्या हातात होती.

तुला 'ये' म्हणायचा अधिकार मला नाही. ते आईने म्हटलंय, ते वर आहे.

नमस्कार.

तुझी,
मोठी